आकाशगंगेचे खानदान : कोण किती उजळ, कोण किती जड?

उर्दूत जिला कहकशाँ म्हणतात तिलाच मराठीत आपण आकाशगंगा म्हणतो. कहकशाँ हा शब्द फारसीतून आला. काह म्हणजे पेंढा, गवताची काडी, आणि कशाँ म्हणजे ओढत नेणे. पेंढ्याचा भारा ओढत नेताना वाटेवर काड्या सांडत जाव्यात, तसा तो पांढुरका पट्टा दिसतो म्हणून हे नाव. मराठीला त्यात नदी दिसली. दोन्ही नावे सुंदर आहेत, पण दोन्हींमुळे मुलांच्या मनात एक समजूत पक्की होते की आकाशात अशी ही एकच आहे. वर्गात मी 'दीर्घिका' हा शब्द फळ्यावर लिहिते तेव्हा हमखास कोणीतरी विचारते, "टीचर, म्हणजे आपली आकाशगंगा सोडून दुसऱ्या पण आहेत?" आहेत, आणि मोजता येणार नाहीत इतक्या आहेत. शिवाय त्या रानात विखुरलेल्या झाडांसारख्या एकेकट्या नाहीत. बहुतेक दीर्घिका आपापल्या नात्यागोत्यात, गटाने राहतात.

अशा गटात सगळ्या सारख्या उजळ नसतात आणि सारख्या वजनाच्याही नसतात. हा फरक किती आहे, का आहे, आणि जी जास्त चमकते तीच जास्त जड असते का, हे प्रश्न गेली शंभर वर्षे खगोलशास्त्रज्ञांना कामाला लावून आहेत. त्यांच्या उत्तरावर आपल्या स्वतःच्या आकाशगंगेचे पुढे काय होणार हेही अवलंबून आहे. ते कसे, ते शेवटी पाहू.

आधी आपले घर पाहू या. आपली आकाशगंगा ज्या गटात आहे त्याला 'स्थानिक गट' म्हणतात. हे नाव एडविन हबल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३६ साली आपल्या पुस्तकात दिले. गटाचा पसारा साधारण एक कोटी प्रकाशवर्षे. त्यात ऐंशीहून अधिक दीर्घिका सापडल्या आहेत आणि अजून नव्या सापडत आहेत. यात मोठ्या म्हणाव्यात अशा फक्त दोन : देवयानी आणि आपली आकाशगंगा. तिसरी 'त्रिकोण' दीर्घिका मध्यम. मग दोन मॅजेलनी मेघ, मोठा आणि लहान. उरलेल्या सगळ्या खुज्या दीर्घिका.

यांच्या ताऱ्यांचे वजन सूर्याच्या मापाने मोजतात. देवयानीतील ताऱ्यांचे एकूण वजन अंदाजे दहा हजार कोटी सूर्यांइतके आहे. आपल्या आकाशगंगेचे पाच ते सहा हजार कोटी. हे आकडे डोक्यात बसत नाहीत, म्हणून मी मुलांना स्वयंपाकघरात नेते. समजा देवयानी म्हणजे तांदळाचे शंभर किलोचे पोते. मग आपली आकाशगंगा पन्नास-साठ किलोची गोणी. त्रिकोण दीर्घिका चार-पाच किलोची पिशवी. मोठा मॅजेलनी मेघ तीन किलो. लहान मेघ जेमतेम अर्धा किलो, म्हणजे एका वेळच्या पुलावाला पुरेल इतका. आणि कालेय तारकासमूहात दिसणारी ड्रॅको नावाची खुजी दीर्घिका? तिच्यात साधारण तीन लाख सूर्यांइतके तारे आहेत. आपल्या हिशेबात तांदळाचे बारा-पंधरा दाणे. याहूनही बारीक आहेत. 'सेग्यू १' नावाची दीर्घिका आपल्यापासून फक्त ७५ हजार प्रकाशवर्षांवर आहे, पण तिचा सगळा प्रकाश एकत्र केला तरी तीनेकशे सूर्यांइतकाच भरतो. आकाशात नुसते एकेक मोठे तारे असे आहेत की ते एकटेच या अख्ख्या दीर्घिकेपेक्षा जास्त उजेड देतात.

म्हणजे एका गटातील ताऱ्यांचे नव्वद टक्क्यांहून अधिक वजन दोघींकडे, आणि बाकी सगळ्या मिळून उरलेल्या वाट्यात. ही फक्त आपल्याच घरची गोष्ट नाही. १९७६ साली पॉल शेश्टर यांनी एक सूत्र मांडले. दीर्घिका जितक्या मंद तितक्या त्या संख्येने अधिक असतात. तेजस्वितेची एक पातळी आहे, साधारण दोन हजार कोटी सूर्यांच्या प्रकाशाइतकी. तिच्यावर गेले की दीर्घिकांची संख्या एकदम कोसळते. पातळीच्या दुप्पट, तिप्पट तेजाच्या दीर्घिका भेटतात, दहापट तेजाची मात्र फार शोधावी लागते. आपली आकाशगंगा या पातळीच्या जवळपासच आहे. पन्नास वर्षे झाली तरी हे सूत्र कामाला येते. निसर्गाने मोठेपणाला अशी मर्यादा का घातली, त्याचा खुलासा मात्र बराच नंतर मिळू लागला.

आता उजेड मोजायचा कसा? याचा इतिहास आपल्या वाचकांना ठाऊक असायला हवा असे मला वाटते, कारण तो शाळेत फारसा सांगितला जात नाही. ग्रीकांनी ताऱ्यांच्या सहा प्रती ठरवल्या होत्या. सर्वांत ठळक तारे पहिल्या प्रतीचे, कसेबसे दिसणारे सहाव्या प्रतीचे. दहाव्या शतकात इराणात अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी ही जुनी यादी हातात घेतली आणि स्वतः आकाश पाहून ताऱ्यांच्या प्रती नव्याने ठरवल्या. जुन्या ग्रंथात लिहिले आहे म्हणून मान्य, असे त्यांनी केले नाही. अल-सूफी यांचा जन्म ९०३ साली रय येथे झाला. बुवैही राजा अजदुद्दौला यांच्या दरबारात, इस्फहानमध्ये त्यांनी काम केले. सुमारे ९६४ साली पूर्ण झालेल्या 'किताब सुवरुल कवाकिब' या ग्रंथात प्रत्येक तारकासमूहाची चित्रे आहेत, ताऱ्यांची स्थाने आहेत, प्रती आहेत, रंगांच्याही नोंदी आहेत. याच ग्रंथात एका 'लहानशा ढगा'चा उल्लेख येतो. तो ढग म्हणजे देवयानी दीर्घिका. आपल्या आकाशगंगेबाहेरच्या या दीर्घिकेची आज उपलब्ध असलेली ही सर्वांत जुनी लेखी नोंद मानली जाते. ढगात काय आहे हे कळायला आणखी जवळपास हजार वर्षे लागायची होती.

हा ढग तुम्हीही पाहू शकता. दिवाळीच्या आसपास, गावाबाहेर, चांदणे नसताना रात्री वर पाहिले की पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदेच्या चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसतो. त्याच्या ईशान्येच्या कोपऱ्यातून निघालेल्या ताऱ्यांच्या ओळीजवळ धुरकट ठिपका दिसेल. थेट न पाहता किंचित बाजूला नजर ठेवली तर तो लवकर सापडतो. तिथून निघालेला उजेड तुमच्या डोळ्यात शिरेपर्यंत पंचवीस लाख वर्षे गेलेली असतात. शहरात मात्र आशा करू नका, रस्त्यावरच्या दिव्यांनी ते सुख केव्हाच हिरावून घेतले.

प्रतींना गणिती शिस्त लावली ती १८५६ साली नॉर्मन पॉगसन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने. पाच प्रतींचा फरक म्हणजे प्रकाशात बरोबर शंभरपटीचा फरक, असे त्याने सुचवले. मग एका प्रतीचा फरक सुमारे अडीचपट आणि दोन प्रतींचा सव्वासहापट होतो. हेच पॉगसन पुढे १८६१ साली मद्रासच्या वेधशाळेत आले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. आज जगभरातले शास्त्रज्ञ दीर्घिकांचे तेज त्याच मापाने मोजतात.

पण डोळ्याला दिसणारा उजेड आणि खरा उजेड यांत अंतर आडवे येते. रात्री समोरून येणाऱ्या मोटारसायकलचा दिवा डोळे दिपवतो आणि लांबच्या मैदानावरचे प्रचंड दिवे मिणमिणते वाटतात, तसेच हे. याचे नामी उदाहरण म्हणजे 'स्टेफानचे पंचक'. फ्रान्सच्या मार्सेय वेधशाळेतील एदुआर स्टेफान यांनी १८७७ साली पाच दीर्घिका एकमेकींना खेटून बसलेल्या पाहिल्या. त्यांतली एनजीसी ७३२० ही आकाराने चांगली ठसठशीत दिसते. वाटावे, हीच घरातली कर्ती. १९६१ साली मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज या दांपत्याने वर्णपटावरून तिचा वेग मोजला तेव्हा तो बाकीच्यांपेक्षा अगदीच निराळा निघाला. आज आपल्याला माहीत आहे की ती फक्त चार कोटी प्रकाशवर्षांवर आहे आणि उरलेल्या चौघी एकोणतीस कोटी प्रकाशवर्षांवर. लग्नाच्या फोटोत कोणी तिऱ्हाईत वाटसरू कॅमेऱ्यासमोरून गेला आणि पुढे पिढ्यान्पिढ्या घरचाच समजला गेला, असा प्रकार! २०२२ च्या जुलैमध्ये जेम्स वेब दुर्बिणीची पहिली छायाचित्रे आली त्यांत हे पंचकही होते. पाहिले असेल तर त्यातली डावीकडची, सुटे सुटे तारे दिसणारी दीर्घिका आठवा. तीच ही वाटसरू.

गटात कोण खरोखर आहे आणि कोण वाटेतले, हे ठरवण्यासाठी म्हणून हजारो दीर्घिकांची अंतरे मोजावी लागतात. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातील अडीच मीटरच्या दुर्बिणीने २००० सालापासून आकाशाची जी पाहणी केली, तिने हे शक्य केले. स्लोन पाहणी म्हणून ती ओळखली जाते. तिच्या नोंदींवरून २००७ साली सुमारे तीन लाख गटांची यादी प्रसिद्ध झाली. गंमत म्हणजे त्यांतल्या बहुतेक 'गटां'त एकच दीर्घिका दिसते, कारण तिच्या खुज्या सोबतिणी इतक्या मंद असतात की त्या दुर्बिणीला दिसतच नाहीत.

अंतर कळले, खरा उजेड कळला. आता वजन. इथेच विद्यार्थ्यांची, आणि खरे सांगायचे तर मोठ्यांचीही, गल्लत होते. उजेड जास्त म्हणजे तारे जास्त, असे सरळ गणित नाही. सूर्याच्या दहापट वजनाचा तारा सूर्याच्या काही हजारपट प्रकाश देतो. निळसर, तापट, उधळ्या. दोन-तीन कोटी वर्षांत त्याचा कारभार आटोपतो. उलट सूर्याच्या दहाव्या हिश्श्याइतका लाल खुजा तारा सूर्याच्या हजाराव्या भागाइतकाच मिणमिणतो, पण लाखो कोटी वर्षे जगतो. असे हजार खुजे तारे एकत्र केले तर वजन शंभर सूर्यांचे आणि उजेड एका सूर्याचा. म्हणून एखाद्या दीर्घिकेत नुकतेच नवे तारे जन्मलेले असतील तर ती तिच्या वजनाच्या मानाने फार उजळ दिसते. जिच्यात नवा जन्म थांबला आहे ती लालसर आणि वजनाच्या मानाने मंद. निळ्या दीर्घिकेत एका सूर्याइतक्या प्रकाशामागे एका सूर्याहूनही कमी वजन असू शकते. जुन्या लाल दीर्घिकेत तेवढ्याच प्रकाशामागे साधारण तीन-चार सूर्यांचे.

सप्तर्षींच्या जवळ, सव्वा कोटी प्रकाशवर्षांच्या आत, एम-८१ आणि एम-८२ या शेजारणी आहेत. एम-८१ भारदस्त, सर्पिल, शांत. एम-८२ तिच्या मानाने हलकी. पण जवळून गेलेल्या थोरलीच्या ओढीने तिच्यातला वायू घुसळला गेला आणि तिच्या मध्यभागी ताऱ्यांच्या जन्माचा भडका उडाला. त्या ताऱ्यांनी तापलेल्या धुळीचा अवरक्त प्रकाश मोजला तर एम-८२ थोरलीला सहज मागे टाकते. पण अवरक्ताचाच एक जवळचा पट्टा आहे, त्यात मुख्यतः जुन्या ताऱ्यांचा प्रकाश येतो. त्या पट्ट्यात पाहिले की एम-८१ पुन्हा पुढे. वजनाचा अंदाज करायला शास्त्रज्ञ हा दुसरा पट्टा पसंत करतात, कारण जुने तारेच वजनाचा खरा साठा सांभाळून असतात. १९९७ ते २००१ या काळात या पट्ट्यात सगळ्या आकाशाची पाहणी झाली आणि तेव्हापासून दीर्घिकांच्या वजनाचे हिशेब बरेच भरवशाचे झाले.

वजने हाती आल्यावर गटाच्या आतले चित्र दिसू लागले. बहुतेक गटांत मध्यभागी एक मोठी दीर्घिका असते आणि भोवती उपदीर्घिका फिरतात. मध्यभागीची सर्वांत जड आणि सर्वांत उजळ असणार, असे गृहीत धरले जाई. बहुधा तसेच असते, पण नेहमी नाही. लहान गटांतही साधारण चारपैकी एका ठिकाणी सर्वांत उजळ दीर्घिका मध्यावर नसते, असे २०११ च्या एका अभ्यासात आढळले. गट मोठा असेल तर हे प्रमाण आणखी वाढते. कन्या राशीतल्या दीर्घिकांच्या प्रचंड गुच्छाचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. तिथे मध्यावर एम-८७ बसली आहे, जिच्या कृष्णविवराचे छायाचित्र २०१९ साली जगभर छापले गेले. पण त्या गुच्छातली सर्वांत उजळ दीर्घिका ती नव्हे, ती आहे बाजूला असलेली एम-४९.

जड दीर्घिका मध्याकडे का सरकतात, याचे उत्तर एका भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने दिले. १९१० साली लाहोरमध्ये जन्मलेले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. १९४३ साली त्यांनी दाखवले की ताऱ्यांच्या गर्दीतून एखादी जड वस्तू चालली की तिच्या ओढीने मागे तारे गोळा होतात आणि तेच तिला मागे खेचतात. वस्तू जितकी जड तितका हा लगाम घट्ट. त्यामुळे जड उपदीर्घिका हळूहळू वेग गमावून मध्याकडे घसरते आणि अखेरीस मधल्या दीर्घिकेत विरून जाते. हलक्या मात्र वर्षानुवर्षे फिरत राहतात. चंद्रशेखर यांना पुढे १९८३ साली नोबेल मिळाले ते ताऱ्यांवरच्या कामासाठी, पण दीर्घिकांच्या अभ्यासात या लगामाचे सूत्र रोज वापरले जाते.

या घसरणीची परिसीमा म्हणजे 'जीवाश्म गट'. १९९४ साली असा पहिला गट ओळखला गेला. मधल्या दीर्घिकेने आसपासच्या सगळ्या मोठ्या सोबतिणी गिळून टाकल्या, आणि आता तिच्यात आणि गटातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या दीर्घिकेत निदान दोन प्रतींचा, म्हणजे सहापटीहून अधिक उजेडाचा फरक. पहिली आणि दुसरी यांच्यातला हा फरक पाहून गट किती जुना, त्यात किती विलीनीकरणे झाली, याचा अंदाज बांधता येतो. आपल्या स्थानिक गटात पहिली आणि दुसरी यांत एका प्रतीचाही फरक नाही. म्हणजे आपले खानदान अजून तरुण आहे, वाटण्या व्हायच्या आहेत.

उपदीर्घिकांचे हाल वेगळे. मोठीच्या भोवती पसरलेल्या तप्त वायूतून जाताना त्यांचा स्वतःचा थंड वायू उडून जातो. वायू गेला की नवे तारे नाहीत, नवे तारे नाहीत म्हणून उजेड उतरत जातो, रंग लाल होतो. वजन मात्र फारसे घटत नाही. आपल्या आकाशगंगेभोवतीच्या दहा लाख प्रकाशवर्षांच्या टापूतल्या खुज्या दीर्घिका पाहा : दोन मॅजेलनी मेघ सोडले तर जवळपास सगळ्या कोरड्या आहेत. २००६ साली आणखी एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली. सारख्याच वजनाचे दोन गट घ्या. एकात मधली दीर्घिका निळी, दुसऱ्यात लाल. तर निळीच्या भोवती निळ्या उपदीर्घिकांचे प्रमाण अधिक आणि लालच्या भोवती लालचे. घरातल्या मोठ्यांचे वळण धाकट्यांना लागावे तसे. याचे कारण काय, यावर अजून वाद चालू आहेत.

आता मघाचा प्रश्न : मोठेपणाला मर्यादा का? प्रत्येक दीर्घिका अदृश्य कृष्णद्रव्याच्या मोठ्या गोळ्यात बसलेली असते. आपल्या आकाशगंगेचा असा गोळा साधारण एक लाख कोटी सूर्यांच्या वजनाचा. त्यातले तारे पाच-सहा टक्के. हे फार कमी वाटेल, पण गोळ्याचे ताऱ्यांत रूपांतर करण्यात आपली आकाशगंगा जवळजवळ सर्वांत कार्यक्षम आहे. लहान दीर्घिकेत ताऱ्यांचे स्फोट झाले की वायू बाहेर फेकला जातो, कारण त्याला धरून ठेवण्याइतकी ओढच नसते. मोठ्या गटात मध्यभागचे महाकाय कृष्णविवर आडवे येते. ते आपल्या फवाऱ्यांनी भोवतालचा वायू तापवत राहते, वायू थंड होऊन गोळा होत नाही, तारे बनत नाहीत. म्हणून गट दहापट जड झाला तरी मधली दीर्घिका जेमतेम दुप्पट होते. वाढीचा मोठा वाटा उपदीर्घिकांकडे जातो.

या फवाऱ्यांचा शोध घेण्यात महाराष्ट्राचा हात आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळ खोडद इथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. सव्वीस कोटी प्रकाशवर्षांच्या आतल्या ५३ दीर्घिका-गटांच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत रेडिओ निरीक्षणांचे काम या दुर्बिणीने केले. बहुतेक गटांच्या मध्यवर्ती दीर्घिकेतून रेडिओ लहरी येताना सापडल्या. शाळेच्या सहली गडांवर आणि बागांमध्ये जरूर न्याव्यात, पण एखादी खोडदलाही न्यावी. तिथले विज्ञान दिनाचे प्रदर्शन मुलांना आवडते.

मग आपले खानदान चारचौघांसारखे आहे की अपवाद? आपल्या आकाशगंगेला दोन मॅजेलनी मेघांसारख्या दोन उजळ उपदीर्घिका आहेत. तिच्यासारख्या दीर्घिका स्लोन पाहणीत तपासल्या तेव्हा अशा दोन-दोन सोबतिणी असलेल्या शंभरात तीन-चारच निघाल्या. पुढे 'सागा' नावाची पाहणी झाली. तिने आपल्या आकाशगंगेएवढ्या १०१ दीर्घिका निवडल्या आणि त्यांच्या ३७८ उपदीर्घिका शोधल्या. २०२४ साली निष्कर्ष आले. कोणाभोवती एकही सापडली नाही, कोणाभोवती तेरा. आपल्याकडच्या खुज्या दीर्घिका बहुतेक विझलेल्या, तर त्या पाहणीतल्या बऱ्याच उपदीर्घिकांत अजून तारे जन्मत आहेत. इतकी वर्षे शास्त्रज्ञ आपल्या घराच्या अभ्यासावरून साऱ्या विश्वाचे नियम मांडत आले. आता त्यांना ते नियम पुन्हा तपासून घ्यावे लागत आहेत, आणि हे मला फार चांगले लक्षण वाटते.

आता आपल्या घराच्या भविष्याकडे वळू. देवयानी सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत आहे. २०१२ साली हबल दुर्बिणीच्या मोजमापांवरून जाहीर झाले की सुमारे ४०० कोटी वर्षांनी दोघी एकमेकींवर आदळणार, अगदी नक्की. वर्तमानपत्रांत तेव्हा मोठे मथळे आले होते. त्या हिशेबात मोठ्या मेघाला जमेस धरलेले नव्हते. तीन किलोची पिशवी गोण्यांच्या टकरीत काय फरक पाडणार?

पण तीन किलो हा फक्त ताऱ्यांचा हिशेब. मोठ्या मेघाचे कृष्णद्रव्यासह वजन वेगळ्या वाटेने काढले गेले, म्हणजे तो इतरांना किती ओढतो यावरून. ते सुमारे चौदा हजार कोटी सूर्यांइतके निघाले. ताऱ्यांच्या रूपाने त्यातला जेमतेम दोन टक्के भाग दिसतो. आपल्या संपूर्ण आकाशगंगेच्या एक दशांशाहून अधिक वजन या 'धाकट्या'चे. त्याची ओढ एवढी की आपल्या आकाशगंगेची तबकडी तिच्या स्वतःच्या बाहेरच्या भागाच्या तुलनेत सेकंदाला तीसेक किलोमीटर वेगाने सरकत आहे. २०२१ साली हे मोजले गेले.

मग जून २०२५ मध्ये हेलसिंकी विद्यापीठाच्या तिल सावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाया आणि हबल या दोन्ही दुर्बिणींची ताजी मोजमापे घेऊन हिशेब नव्याने मांडला. या वेळी त्रिकोण दीर्घिका आणि मोठा मेघ दोघांनाही पंक्तीला बसवले. त्रिकोण दीर्घिकेची ओढ टक्कर जवळ आणते. मोठ्या मेघाची ओढ आकाशगंगेला बाजूला खेचते आणि टक्कर टाळते. हजारो वेळा गणित फिरवून पाहिल्यावर निष्कर्ष निघाला की पुढच्या एक हजार कोटी वर्षांत टक्कर होण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे. पूर्वी नक्की म्हटलेली गोष्ट नाणेफेकीवर आली.

घाबरायचे कारण नाही, हे मुलांना सांगून टाकावे. तारे एकमेकांपासून इतके लांब असतात की दीर्घिका आदळल्या तरी तारे सहसा आदळत नाहीत. शिवाय सूर्य हळूहळू अधिक तापत जाणार असल्याने पृथ्वीवर राहणे त्याच्या कितीतरी आधी, शंभर कोटी वर्षांच्या आसपासच, कठीण झालेले असेल. एक गोष्ट मात्र त्या सगळ्या गणितांत जवळजवळ प्रत्येक वेळी घडते. सुमारे दोनशे कोटी वर्षांनी मोठा मॅजेलनी मेघ चंद्रशेखरांच्या त्याच लगामाने वेग गमावून आपल्या आकाशगंगेत उतरेल. त्याचे तीनशे कोटी सूर्यांइतके तारे आपल्या ताऱ्यांत मिसळतील आणि त्याच्याबरोबर बराच थंड वायूही येईल.